पाचपैकी किती

१ सप्टेंबर, रविवार

ही वही बायकोची, लतिकाची. पहिल्या तीन पानांवर तिच्या अक्षरात सामानाच्या याद्या आहेत, पुढे कोरी. ग्लेन म्हणाला, रोज दोन ओळी टिपून ठेवा, म्हणजे रविवारी फॉर्म भरताना आठवत बसावं लागणार नाही. दोन ओळींत माझं भागेल असं वाटत नाही. घरात बोलायला कोणी नसतं, तेव्हा वहीनेच ऐकून घ्यावं.

तर आज लेकीच्या, आर्याच्या खोलीत येले राहायला आला. वय एकोणीस, उंची सहा फूट दोन इंच, गाव वर, नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला फ्रीसलंडमध्ये. हॉकी खेळतो, पण हिरवळीवरची नव्हे, बर्फावरची. मला बर्फ म्हटलं की सारसबागेबाहेरचा गोळा आठवतो, त्यामुळे या खेळातलं माझं ज्ञान शून्य. गेल्या जूनमध्ये अमेरिकेतल्या एका क्लबने त्याला निवडलं. ती पद्धत ग्लेनने मला जेवणाच्या टेबलावर मिठाच्या नि मिरीच्या बाटल्या मांडून समजावली. दर उन्हाळ्यात सगळे क्लब जगभरची अठरा-एकोणीस वर्षांची पोरं पाळीपाळीने एकेक करून निवडतात. सात फेऱ्या होतात. येले सातव्या फेरीतला, दोनशे चोवीसपैकी दोनशे अकरावा. आमच्या शाळेत असा नंबर आला असता तर वडिलांनी महिनाभर अबोला धरला असता. इथे त्याच्या आईने त्याची फ्रेम केली आहे.

पण निवडलं म्हणजे घेतलं असं नाही. मुलाला मायदेशातच खेळू देतात, लांबून लक्ष ठेवतात, आणि मग ठरवतात. येलेचं एक जूनला ठरणार. तोवर करार आला नाही तर त्याच्यावरचा हक्क सुटला आणि अमेरिकाही सुटली. हे वर्ष तो आमच्या भागातल्या क्लबकडून खेळणार, म्हणून त्याला इथे न्यूनेनमध्ये घर हवं होतं आणि माझ्याकडे खोली रिकामी होती. आर्या तीन वर्षं लायडनला प्रयोगशाळेत नोकरी करते. लतिका पुण्याला आहे. तिच्या आईचा खुबा मोडला म्हणून तीन महिन्यांसाठी गेली. या महिन्यात वीस महिने होतील.

ग्लेन हा अमेरिकन क्लबचा माणूस. निवडलेली पोरं पिकेपर्यंत सांभाळायची, हे त्याचं काम. राहतो स्वीडनमध्ये, आणि युरोपभर विखुरलेल्या सहा पोरांच्या मागे हिंडतो. मी त्याला मामाच्या घरची आंब्याची आढी सांगितली. पेंढ्यात कैऱ्या घालायच्या आणि वाट पाहायची. त्याने विचारलं, पिकलेला कसा ओळखता? म्हटलं, वासाने. रोज दाबून पाहिलं तर डाग पडतो. त्याने ते चक्क लिहून घेतलं.

८ सप्टेंबर, रविवार

पहिला फॉर्म. संध्याकाळी सहाच्या आत भरायचा. झोप पाचपैकी किती, जेवण पाचपैकी किती, मूड पाचपैकी किती. शेवटी एक रिकामा चौकोन: आणखी काही कळवण्यासारखं? येले स्वतःचा वेगळा भरतो. त्यात 'घर पाचपैकी किती' असाही प्रश्न आहे म्हणे.

मी पाच, पाच, पाच दिले. चौकोनात 'काही नाही'.

खरं तर गुरुवारी त्याने आईला फोन केला, त्यांच्या फ्रीसियन भाषेत बोलला, आणि नंतर न्हाणीघरातला नळ बराच वेळ वाहत होता. एवढा वेळ कोणी तोंड धूत नाही. पण ते अमेरिकेला कशाला कळवायचं? आर्याला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा, इट्स नॉट अ प्रोग्रेस कार्ड." म्हटलं, आपल्या घरातलं पोर चारचौघांत उणं दाखवायचं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याचं डचमध्ये काय होतं असं तिने विचारलं.

दीडला लतिकाचा नेहमीचा फोन. "कसा आहेस?" "मजेत. तू?" "मजेत." आईंसाठी नवा फ्रिज घेतला म्हणाली, दोन दारांचा. दोघींना एवढा मोठा कशाला, म्हटलं. सेल होता म्हणे. मग ठीक.

२२ सप्टेंबर

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ बाईंनी येलेला सहा किलो वाढवायचा तक्ता पाठवला आहे. कुठल्या दिवशी किती ग्रॅम काय, सगळं. तिथे बसून न्यूनेनच्या स्वयंपाकघरात उंटावरून शेळ्या हाकतात. मी मुगाची खिचडी केली, वर तूप. तो तीन ताटं जेवला आणि तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहू म्हणून विचारत बसला. आल्बर्ट हाइन या दुकानातल्या कार्नेमेल्कमध्ये, म्हणजे इथल्या ताकात, मी आलं, जिरं, कोथिंबीर घालून मठ्ठा करतो. तोही आता लिटर-लिटर पितो.

मला तो नुसतं 'मनोहर' म्हणतो. गेल्या कित्येक वर्षांत मला अशी हाक कोणी मारलेली नाही. लतिका 'मन्या' म्हणते. म्हणायची, असं लिहिणार होतो. म्हणते.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल त्याचा सामना पाहिला. थंडीत दोन स्वेटर घालून बसलो आणि चेंडूऐवजी असते ती चकती एकदाही दिसली नाही. पण येले दिसत होता. ग्लेन त्याला दर गुरुवारी व्हिडिओवर दहा तुकडे दाखवतो, पाच चांगले, पाच वाईट. सगळ्यांत एकच धडा: चकती येण्याआधी मान वळवून दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घे, कोण अंगावर येतंय ते. "तुला पाय बघून निवडलं," ग्लेन सांगतो, "डोकं बघून ठेवू." येलेला तो चाळाच लागला आहे. ओट्यापाशी मठ्ठ्याचा पेला हातात घेण्याआधीही आधी डावीकडे मागे बघतो, मग उजवीकडे. मागे असतं कोण? मी आणि फ्रिज.

मला हसू आलं की तोही हसतो. या घरात कोणी हसल्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी झाला.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

चकल्या आल्बर्ट हाइनच्या तांदळाच्या पिठाच्या. मोडल्या. येलेने चुरा चमच्याने खाल्ला. आज मला ओवाळायला कोणी नव्हतं, तर त्याने विचारलं, आज काय करायचं असतं? सांगितलं. तो म्हणाला, मला दिवा धरता येईल. म्हटलं, ते बायकोने करायचं असतं. मग दिवा नुसता टेबलावर ठेवला आणि आम्ही जेवलो.

लतिका या महिन्यात येणार होती. आता संक्रांतीनंतर बघू म्हणते. बी.एस्सी.चं सर्टिफिकेट आणि मार्कलिस्ट कोणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठव म्हणाली. तिचे थंडीचे दोन्ही कोट दान करून टाक म्हणाली, उगाच जागा अडते. नवे घ्यायचे असतील. इथल्या कोटांच्या फॅशन बदलतात खऱ्या.

फॉर्मच्या आदल्या दिवशी मी आता आकडे ठरवूनच ठेवतो. पाच, पाच, पाच.

१५ डिसेंबर

ग्लेन आला होता. येलेचं वजन चार किलो वाढलं. ग्लेन मला म्हणाला, सहा पोरांत फक्त तुमच्याच फॉर्मवर दर आठवड्याला पाच-पाच-पाच असतात. मला अभिमान वाटला. मग तो म्हणाला, आठ फेब्रुवारीला अमेरिकेहून निवड समितीचे प्रमुख स्वतः येणार आहेत. त्या एका सामन्यावर बरंच अवलंबून.

येले नाताळला घरी जाणार आहे. दहा दिवस. जाऊ दे, त्याचीही आई आहे.

२८ डिसेंबर

काल खिचडी जास्त झाली. मापाचं भांडं बदलायला हवं होतं. आज तीच खाल्ली.

आर्या एक दिवस येऊन गेली. जाताना म्हणाली, "बाबा, आई परत येण्याबद्दल तू तिला डायरेक्टली विचारलंयस का कधी?" म्हटलं, त्यात विचारायचं काय, ती येणारच आहे. "ओके," म्हणाली आणि बूट घालत बसली. नाडीला तिला फारच वेळ लागला.

१९ जानेवारी, रविवार

काल सामन्यात येलेला कठड्यापाशी धक्का बसला. मोठा वाटला नाही. पडला, उठला, खेळत राहिला. घरी येऊन पडदे ओढून झोपला. आज अकरापर्यंत उठला नाही. मायक्रोवेव्ह वाजला तर कपाळ दाबून धरलं. म्हटलं, क्लबच्या डॉक्टरला फोन करू? तो म्हणाला, "नको. प्लीज, मनोहर. डोक्याचं काही निघालं तर तीन आठवडे बसवतात. आठ तारीख जाईल."

फॉर्म समोर उघडा होता. तो दारात उभा होता.

पाच, पाच, पाच. काही नाही.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आर्या लहान असताना तिचं खोटं मी लतिकापासून लपवायचो, तेव्हा तीही असाच हात ठेवायची. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

२६ जानेवारी, रविवार

सराव करतो आहे, पण घरात बोलत नाही. बाहेर ऊन नसताना टोपी डोळ्यांवर ओढतो. मी विचारलं की म्हणतो, मजेत. शब्द माझाच, मीच शिकवला.

फॉर्म: पाच, पाच, पाच. लतिकाला सांगितलं, सगळं छान चाललंय. तिनेही तेच सांगितलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आम्ही दोघे सायकलवरून निघालो, तो पुढे, मी मागे. कोपऱ्यावरच्या गोल चौकात तो मागे न पाहता सरळ वळला. गाडीवाल्या बाईने ब्रेक दाबला, त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. तिने काच खाली करून काहीतरी म्हटलं. तो तसाच पुढे गेला. त्याला ती गाडी दिसलीच नव्हती.

मग मला उमगलं की गेले दोन आठवडे ओट्यापाशीही त्याने मान वळवलेली नाही. पेला सरळ उचलतो. पेल्याआधी डावीकडे, मग उजवीकडे, हे बंद झालं होतं. मला ते रोज दिसत होतं आणि मी ते लिहिलं नाही. इथेसुद्धा नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

त्याला आधी सांगितलं. खुर्चीत बसवून सांगितलं की आज मी खरं लिहिणार आहे.

तो म्हणाला, "सहा दिवस राहिलेत. फक्त सहा."

म्हटलं, कळतंय.

"तुम्ही माझे वडील नाही."

"नाही," मी म्हणालो. "वडील असते तर त्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच लिहिलं असतं."

तो खोलीत गेला. मी लिहिलं. झोप एक, जेवण दोन, मूड एक. चौकोनात जागा पुरेना. धक्का, पडदे, टोपी, चौक, पेला, सगळं लिहिलं. आणि हेही लिहिलं की आधीचे दोन फॉर्म खोटे होते, आणि खरं सांगायचं तर त्याआधीचेही बरेचसे. पाठवल्यावर सातव्या मिनिटाला ग्लेनचा फोन आला. माझ्याशी एकच वाक्य बोलला: त्याला बर्फावर जाऊ देऊ नका.

८ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांनी या मोसमापुरतं खेळणं बंद केलं. निवड समितीचे प्रमुख आज आले असतील आणि दुसऱ्याच कुणाला बघून गेले असतील. येलेचे वडील व्हॅन घेऊन आले. शेतकरी माणूस, हात केवढा. त्यांनी मला कागदात गुंडाळलेला साखरेचा पाव दिला आणि हात धरून ठेवला. येले माझ्याकडे न बघता गाडीत बसला. आर्याच्या पलंगाखाली त्याची एक निळी पेटी आणि एक स्टिक राहिली आहे.

मी त्याचा करार खाल्ला. बरोबर केलं हे कळतं, तरी तसंच वाटतं.

२ मार्च

काही नाही. पाव संपला.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

आजपासून इथली घड्याळं एक तास पुढे. गुढीला काठी नव्हती, येलेची स्टिक घेतली. उलटी धरली तर फुलपात्र बसतं, तपासून पाहिलं. वर बांधायला लतिकाची एखादी रेशमी साडी घ्यावी म्हणून तिचं कपाट उघडलं. एकही साडी नव्हती. दोन वर्षांत मी ते कपाट उघडलं नव्हतं. कोटसुद्धा बाहेरच्या खुंटीवर होते. तीन महिन्यांसाठी जाणारी बाई सगळ्या साड्या नेते का? लग्नातला शालूसुद्धा?

गुढीला टेबलक्लॉथ बांधला.

तिचा फोन दीडला आला, तिकडे नेहमीचे पाच. तिच्या मागे मुलांचा गलका होता. सायन्सचा क्लास घेते म्हणाली, वर्ष होईल आता, तुला सांगितलं नव्हतं का? म्हटलं, सांगितलं असशील. कसा आहेस? मजेत.

ग्लेनने मेल केला आहे. येलेची डोकेदुखी कमी होतेय. पण दाखवायला सामने नाहीत, वरची मंडळी मे महिन्यात ठरवतील. शेवटी लिहिलं होतं: सातव्या फेरीतल्या पोरासाठी कोणी फार थांबत नाही. तुम्ही योग्य तेच केलंत, आणि माझं काम अवघड केलंत.

१ जून, रविवार

अकराला येले आला. पेटी आणि स्टिक घ्यायला, फ्रीसलंडहून एकटा गाडी चालवत. दारात उभं राहून आधी डावीकडे मागे पाहिलं, मग उजवीकडे, आणि आत आला. मी मठ्ठा केला.

करार आला नाही. शुक्रवारी दोन ओळींचा मेल आला म्हणाला. पुढच्या वर्षी घराजवळच्या क्लबकडून खेळेन आणि लेऊवार्डनला शिकेन. मी माफी मागणार होतो, तर त्याने पेला खाली ठेवला.

"एप्रिलमध्ये डॉक्टरांनी स्कॅन दाखवत सांगितलं, त्या आठवड्यात आणखी एक धक्का बसला असता तर काय झालं असतं. मी अजून तुमच्यावर रागावलेलो आहे. पण थोडा." मग म्हणाला, "माझेही फॉर्म खोटे होते, मनोहर. 'घर पाचपैकी किती' याला मी नेहमी पाच द्यायचो. पण रविवारी तो फोन झाला की तुम्ही दोन असायचात. मी रविवारी जेवायला थांबायचो, बाकीचे पिझ्झा खायला जायचे तेव्हा. तुम्हाला एकट्याला खिचडीचं माप जमत नाही."

मला वाटत होतं, पोर एकटं पडू नये म्हणून मी त्याच्यासाठी रांधतोय.

स्टिकच्या टोकाला गुढीची हळद लागली होती. पुसू का म्हटलं. राहू दे म्हणाला.

तो गेल्यावर दीडला फोन आला.

"कसा आहेस?"

"दोन," मी म्हणालो.

"काय दोन?"

"पाचपैकी दोन. बरेच दिवस झाले. लतिका, तू परत येणार आहेस का?"

कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग खुर्ची ओढली.

"नाही रे, मन्या," ती म्हणाली. "आईचं निमित्त झालं. मला तिकडे श्वास घेता येत नव्हता, आणि तू दर वेळी मजेत म्हणायचास. मजेत असलेल्या माणसाला हे सांगायचं तरी कसं?"

मग आम्ही बोललो. सव्वा तास. ती रडली, मीही रडलो. भांडलोसुद्धा थोडं, फ्रिजवरून. बऱ्याच वर्षांत एवढं बोललो नव्हतो. ठेवताना ती म्हणाली, पुढच्या रविवारी करते. म्हटलं, कर.

सहा वाजता सवयीने फॉर्म उघडायला गेलो. लिंक बंद झाली होती, मुलगाच त्यांचा राहिला नाही. म्हणून इथेच भरतो.

झोप: तीन.

जेवण: दोन.

मूड: दोन.

आणखी काही कळवण्यासारखं: लतिका परत येणार नाही. मला फार एकटं वाटतं.